लेकीचं परदेशातलं सेमिस्टर, बाहेरची संस्था आणि कॉलेजची पूर्ण फी

मेधा_एडिसन

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

लेक इथे ईस्ट कोस्टवरच्या एका छोट्या प्रायव्हेट कॉलेजात सेकंड इयरला आहे (कॉलेजचं नाव नको). पुढच्या फॉलला एक सेमिस्टर कोपनहेगनला जायचं म्हणतेय. प्रोग्रॅम कॉलेजचा स्वतःचा नाही, बाहेरची एक संस्था चालवते, कॉलेजच्या मंजूर यादीत ती आहे. इथपर्यंत सगळं ठीक. पण परवा कॉलेजच्या ऑफिसचं माहितीपत्रक नीट वाचलं तर त्यात लिहिलंय की त्या सेमिस्टरलाही ट्यूशन कॉलेजचीच भरायची, म्हणजे ३१ हजार डॉलर. आणि त्याच संस्थेच्या वेबसाइटवर त्याच सेमिस्टरची ट्यूशन आहे १७ हजार! राहण्याखाण्याचे वेगळे, ते दोन्हीकडे सारखेच. पोरगी वर्षातले चार महिने कॉलेजच्या वर्गात पाऊल टाकणार नाही, तिथले प्रोफेसर शिकवणार नाहीत, मग मधले १४ हजार कशाचे?

लेक म्हणते, आई लीव्ह ऑफ अ‍ॅबसन्स (कॉलेजमधून तेवढ्यापुरती रजा) घेते, थेट त्यांच्याकडे अर्ज करते. तर कॉलेज म्हणतं, तसं केलंत तर क्रेडिटची (म्हणजे तिथले विषय इथल्या डिग्रीत धरण्याची) हमी नाही. नवरा म्हणतो गप फी भर. मला ते पटत नाहीये. कुणाची मुलं अशी जाऊन आली असतील तर सांगा, भांडण्यात अर्थ आहे का?

डेक्कनवाला

हे म्हणजे मंगल कार्यालयासारखं झालं. हॉल आमचा, केटरर आमच्याच यादीतला, आणि ताटाचा भाव आम्ही ठरवू.

सडेतोड

@डेक्कनवाला, कार्यालयवाला निदान ताटाचा भाव आधी सांगतो हो. इथे केटररने सांगितलेला भाव वेगळा आणि हॉलवाला घेतो वेगळा.

मेधाताई, तुमची शंका अगदी रास्त आहे आणि नवीनही नाही. २००७ साली न्यूयॉर्क टाइम्सने यावर मोठी बातमी केली होती. बाहेरच्या संस्था कॉलेजांच्या अधिकाऱ्यांना फुकट किंवा स्वस्तात परदेश दौरे घडवायच्या, सल्लागार मंडळांवर जागा द्यायच्या, काही ठिकाणी तर मुलांच्या फीमधून कमिशनसुद्धा. त्यावेळी अँड्र्यू कुओमो न्यूयॉर्कचे अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) होते, ते नुकतेच स्टुडंट लोनवाल्यांच्या मागे लागले होते, त्यांनी याही प्रकरणात चौकशी लावली, आधी संस्थांना आणि मग २००८ मध्ये कॉलेजांनाही कागदपत्रं मागितली. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या एका कॉलेजवर एका पालकाने नेमक्या तुमच्याच मुद्द्यावर दावा ठोकला होता, मुलगी दक्षिण आफ्रिकेत शिकतेय आणि बिल मात्र इथलं पूर्ण. म्हणून म्हणतो, यादीत नाव आहे म्हणजे संस्था चांगलीच असेल असं धरून चालू नका. यादी कशी बनते ते विचारा.

कोकणकन्या

वाचतेय. आमची अजून नववीत आहे पण आत्तापासून धडकी भरली.

विद्या_टेक्सास

मी एका मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या याच प्रकारच्या ऑफिसात काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

आधी पैशाचं. साधारण दोन पद्धती आहेत. आमच्यासारख्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये बहुतेक वेळा मूल बाहेरच्या संस्थेला थेट पैसे देतं आणि आम्ही फक्त एक छोटी ऑफिस फी घेतो. बऱ्याच प्रायव्हेट कॉलेजांत मेधाताई म्हणतात तशी होम ट्यूशनची पद्धत. म्हणजे मूल कॉलेजला नेहमीची फी भरतं आणि कॉलेज त्यातून संस्थेचं बिल चुकतं करतं. स्वस्त प्रोग्रॅममध्ये कॉलेजकडे पैसे उरतात, महागड्यात उरत नाहीत. उरलेले जातात कुठे, तर बऱ्याच ठिकाणी स्कॉलरशिप आणि इतर खर्चात. पण प्रत्येक कॉलेज ते उघड सांगतं का, तर नाही, आणि ते सांगायला हवं असं माझंही मत आहे.

आता क्रेडिट. लोकांच्या लक्षात येत नाही की या संस्था स्वतः युनिव्हर्सिटी नसतात. सीआयईई १९४७ पासून आहे, आयईएस १९५० साली व्हिएन्नाला सुरू झाली, नावं जुनी आणि चांगली, पण ट्रान्स्क्रिप्ट द्यायला बऱ्याचदा मागे कुठलीतरी मान्यताप्राप्त युनिव्हर्सिटी उभी करावी लागते, त्याला स्कूल ऑफ रेकॉर्ड म्हणतात. जहाजावरचं ते सेमिस्टर अ‍ॅट सी आठवा, बोट फिरते जगभर पण क्रेडिट आधी पिट्सबर्गचं, मग व्हर्जिनियाचं आणि २०१६ पासून कोलोराडो स्टेटचं. म्हणून कुठल्याही प्रोग्रॅमला पहिला प्रश्न हाच, मार्कशीट कुणाच्या नावाने येणार?

आणि @सडेतोड, २००७ चं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आमच्या क्षेत्राला ते लागलंही. त्यानंतर २००८ मध्ये फोरम ऑन एज्युकेशन अब्रॉड या आमच्या क्षेत्रातल्या संघटनेने आचारसंहिता आणली. आमच्याकडे आता प्रोग्रॅम बघायला गेलं तर तिकीट कुणी काढलं हे लिहून द्यावं लागतं.

सडेतोड

विद्याताई, उत्तर आवडलं. पण आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे ना. पाळली नाही तर काय होतं?

विद्या_टेक्सास

कायदा नाहीच. म्हणून पालकांनी विचारत राहावं असं म्हणते.

अटलांटाकर

माझ्या भाच्याची गोष्ट. त्याने नेमका तोच मार्ग धरला जो मेधाताईंची लेक म्हणतेय. बार्सिलोनाचा प्रोग्रॅम, यादीबाहेरचा, कॉलेजमधून लीव्ह घेतली, पैसे वाचले म्हणून घरात पेढे वाटायचेच बाकी होते. परत आला तर ट्रान्स्क्रिप्टचा पत्ता नाही. संस्था म्हणते पाठवलं, रजिस्ट्रार म्हणतो मिळालं नाही. मिळालं तेव्हा पाचपैकी तीन विषय नुसते इलेक्टिव्ह (ऐच्छिक) म्हणून धरले, मेजरला (मुख्य विषयाला) एकही नाही. ग्रॅज्युएशनला दोन विषय कमी पडले आणि पोराने उन्हाळ्यात इथे पैसे भरून ते केले. हिशेब केला तर वाचलेले सगळे तिथेच गेले.

त्याची आई शाळेत शिक्षिका, तिने त्याला जाताना एक लाल फाइल दिली होती, प्रत्येक विषयाचा सिलॅबस, प्रत्येक असाइनमेंट, प्रोफेसरची सही, सगळं त्यात ठेव म्हणून. पोराने तेवढं ऐकलं. त्या फाइलीच्या जोरावर डिपार्टमेंट हेडसमोर बसून त्याने एक विषय मेजरला धरून घेतला. बाकीच्या दोघांच्या असाइनमेंट्स फाइलीत नव्हत्या, ते राहिले ते राहिलेच. तेव्हा जी कुठली वाट धराल ती धरा, फाइल करा.

हडपसरकर

थोडं विषयांतर करतो, माफ करा. तुमची अमेरिकेतली चर्चा चाललीये पण हे आता आमच्याकडेही आलंय. मुलगा इथल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत बीबीए करतोय. कॉलेजात एका कंपनीची माणसं येऊन प्रेझेंटेशन देऊन गेली, 'ग्लोबल सेमिस्टर', युरोपात तीन महिने, साडेचार लाख, शिवाय परदेशी युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट. मुलाच्या वर्गातली अकरा जणं पैसे भरायला तयार. कॉलेज म्हणतं कंपनीशी बोला, कंपनी म्हणते कॉलेजशी टायअप आहे. नक्की विचारायचं कुणाला?

डेक्कनवाला

हडपसरकर, पैसे भरू नका अजून. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम आहेत परदेशी युनिव्हर्सिटीबरोबरच्या ट्विनिंग (थोडं शिक्षण इथे, थोडं तिथे), जॉइंट आणि ड्युअल डिग्रीबद्दल. ट्विनिंगमध्ये परदेशातले क्रेडिट जास्तीत जास्त ३० टक्के, आणि करार दोन शिक्षणसंस्थांमध्ये हवा, मधल्या कुणाची फ्रँचायझी चालत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये यूजीसीने परत नोटीस काढून बजावलं होतं की परवानगी नसलेल्या परदेशी संस्थांशी आणि त्यांच्याशी टायअप केलेल्या एडटेक कंपन्यांमार्फत मिळालेल्या डिग्र्या मान्य नाहीत.

आता तीन महिन्यांचं सर्टिफिकेट म्हणजे डिग्री नव्हे, त्यामुळे कंपनी म्हणेल आम्हाला हे लागू नाही. मग तुम्ही उलट विचारा, डिग्री नाही, क्रेडिट नाही, तर ही सहलच झाली की हो. साडेचार लाखांत घरातली चौघं युरोप बघून याल. कॉलेजला एवढंच लेखी मागा की हे क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (मुलांचे क्रेडिट साठवणारी सरकारी ऑनलाइन नोंद) मुलाच्या खात्यावर कुणाच्या नावाने जमा होणार. उत्तर आलं तर पुढचं बघा.

हडपसरकर

धन्यवाद साहेब. उद्याच ईमेल टाकतो. मुलगा रुसणार आहे पण बघू.

पेठकर_काकू

मी उलट्या बाजूने लिहिते, म्हणजे अशी मुलं ज्यांच्या घरी येऊन राहतात त्या बाजूने. पुण्यात अमेरिकन कॉलेजांची मुलं काही आजची येत नाहीयेत. मिडवेस्टच्या कॉलेजांच्या संघाचा इंडिया स्टडीजचा प्रोग्रॅम १९६९ पासून पुण्यात होता, नंतर फर्ग्युसनमध्येही बाहेरच्या संस्थेचा प्रोग्रॅम चालायचा. पेठांमधल्या, डेक्कनच्या कितीतरी घरांनी ही मुलं सांभाळलीयेत. आमच्याकडे सहा वर्षांत सात जणी राहिल्या.

त्यातली एक मिनेसोटाची. मराठी शिकायची इतकी हौस की स्वयंपाकघरात वही घेऊन उभी राहायची. वरण, आमटी, सार, कढण यातला फरक तिने वहीत चार कॉलम आखून लिहिला होता आणि मला उलटतपासणी घ्यायची, 'काकू, चिंच घातली तर वरण आमटी होतं का?' आता याचं काय उत्तर द्यायचं!

पण सांगायचं ते वेगळंच. त्या पोरीला सप्टेंबरात डेंग्यू झाला. रात्री दोनला ताप १०४. मी त्या प्रोग्रॅमच्या पुण्यातल्या बाईंना फोन केला. पावसात स्कूटरवर वीस मिनिटांत बाई दारात, हॉस्पिटल आधीच कळवलेलं, इन्शुरन्सचा कागद पर्समध्ये. सहा दिवस त्या बाई तिच्याजवळ बसून होत्या, प्लेटलेट्सचा आकडा रोज तिच्या आईला फोन करून सांगायच्या. मुलगी बरी होऊन डिसेंबरात घरी गेली.

मेधा, तुझ्या कॉलेजने १४ हजार जास्त घ्यावेत असं मी म्हणत नाही. पण त्या १७ हजारांत रात्री दोनला दार वाजवणारं माणूस आहे की नुसता टोल फ्री नंबर, हे आधी बघ बाई.

कोकणकन्या

काकू, अंगावर काटा आला. आणि चिंच घातली तर आमटी होते का तेही सांगा.

पेठकर_काकू

होते की. पण नुसती चिंच नको, गूळही लागतो आणि गोडा मसाला.

विद्या_टेक्सास

काकूंनी मुद्द्याला हात घातला. माझ्या मते यादी ठेवण्याचं खरं कारण हेच आहे, पैसा नंतर. मिनेसोटात तर २०१४ साली कायदाच झाला की परदेशी प्रोग्रॅममध्ये झालेले मृत्यू आणि हॉस्पिटलात भरती झालेल्यांची माहिती कॉलेजांनी राज्याला कळवायची. आम्ही नवीन संस्था यादीत घेताना विचारतो की तिथे राहणारा पूर्ण वेळ माणूस कोण, रात्रीचा फोन कोण उचलतो, मुलाला परत आणायची वेळ आली तर खर्च कुणाचा.

नीलेश_फ्लोरिडा

परत आणण्यावरून आठवलं. फेब्रुवारी २०२० च्या शेवटी आमची मोठी इटलीत होती. सरकारची ट्रॅव्हल अ‍ॅडव्हायजरी (प्रवासाचा इशारा) लेव्हल ३ झाली आणि दोन दिवसांत सामान गुंडाळा म्हणून ईमेल आला. तिकीट आम्हीच काढलं. क्लासेस ऑनलाइन झाले, क्रेडिट मिळालं, तक्रार नाही. पण अपार्टमेंटचे अडीच महिन्यांचे पैसे! कॉलेज म्हणालं, आम्ही ते संस्थेला दिले. संस्था म्हणाली, आमचा करार कॉलेजशी आहे, तुमच्याशी नाही. आम्ही दोघांच्या मध्ये टेबल टेनिसचा चेंडू. मे महिना उजाडला तेव्हा थोडे परत आले.

तेव्हा कळलं की करार वाचायला मागायचा असतो. निदान रिफंडचं कलम तरी. मेधाताई, होम ट्यूशन भरणार असाल तर तुमचं नातं कॉलेजशी आहे, हा खरं तर तुमच्या फायद्याचा भाग आहे, पण तसं लिहून घ्या.

गणेश_न्यूजर्सी

मेधाताईंच्या भावना कळतात, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे आणि जरा कळकळीने मांडतो. माझं गॅस स्टेशन आहे. मुलगा चांगल्या प्रायव्हेट कॉलेजात गेला तो केवळ फायनान्शियल एडवर, आमच्या खिशातून वर्षाला चार-पाच हजार. त्याला चिलीला जायचं होतं. माझ्या पोटात गोळा, म्हटलं हे श्रीमंतांचे लाड. तर ऑफिसमधली बाई म्हणाली, तुम्ही इथे जेवढे भरता तेवढेच तिथे भरायचे, सगळी एड त्याच्याबरोबर जाते. का, तर होम ट्यूशन. थेट पद्धत असती तर त्या संस्थेचे सतरा-अठरा हजार मी कुठून आणले असते? ज्या नियमावर तुम्ही सगळे चिडलाय त्याच नियमाने माझा पोरगा गेला.

सडेतोड

गणेशराव, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य. तरी पूर्ण फी भरणाऱ्याला त्याचे जादा पैसे कुठे जातात ते कळायला हवं, एवढा माझा हट्ट कायम आहे.

विद्या_टेक्सास

@गणेश, अगदी बरोबर. फेडरल एडचं तर १९९२ पासून कायद्यातच स्पष्ट आहे की ती परदेशातल्या सेमिस्टरला वापरता येते, अट एकच, होम कॉलेजने ते क्रेडिटसाठी मंजूर केलेलं हवं. कॉलेजची स्वतःची स्कॉलरशिप मात्र बरोबर जाते की नाही हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं. मेधाताई, लेकीला काही स्कॉलरशिप आहे का? पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाहीत.

बे_एरियातला_बाळ्या

आणि दुसरं, कुणी विचारलंच नाही म्हणून विचारतो. लेक अमेरिकन सिटिझन आहे की एच-४ वर (एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या बायकामुलांचा व्हिसा)? एच-४ असेल तर फीआधी पासपोर्ट उघडा. व्हिसाचा शिक्का चालू आहे का बघा. बऱ्याच घरांत एक्स्टेंशन इथल्या इथे होतं, आय-७९७ चा (मंजुरीचा) कागद येतो, शिक्का मात्र केव्हाच संपलेला असतो आणि कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या कागदावर इथे राहता येतं, बाहेरून परत येता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन यायची सवलत आहे, ती युरोपला लागू नाही. पूर्वी लोक तिसऱ्या देशात स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) करून यायचे, पण सप्टेंबर २०२५ पासून सांगितलंय की आपल्या देशात किंवा जिथे राहता तिथेच अर्ज करा. माझ्या चुलत बहिणीची मुलगी यात अडकली, स्प्रिंग सेमिस्टरचे पहिले तीन आठवडे बुडाले.

शिवाय वर्गातल्या अमेरिकन पोरी शुक्रवारी ठरवून शनिवारी लंडनला जातील, आपल्या पासपोर्टला ब्रिटनचा वेगळा व्हिसा. ऐनवेळी पोरगी हिरमुसते. आधी सांगून ठेवा.

मेधा_एडिसन

बाप रे. बाळ्या, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि कपाटातून पासपोर्ट काढला. लेक एच-४ वरच आहे. शिक्का दोन वर्षांपूर्वी संपलाय! आम्ही २०१९ नंतर भारतात गेलोच नाही. नवऱ्याला दाखवला, तो खुर्चीत बसूनच राहिला.

विद्याताई, स्कॉलरशिप आहे. सेमिस्टरला ११ हजार, मेरिटची. ती माझ्या डोक्यात आमच्या घरच्या हिशेबात होती, या हिशेबात घेतलीच नाही. आज सकाळी कॉलेजच्या ऑफिसला फोन केला. मंजूर प्रोग्रॅमला स्कॉलरशिप पूर्ण लागू. म्हणजे ३१ तून ११ गेले, राहिले २०. थेट भरले तर १७. फरक १४ चा नव्हे, ३ हजारांचा. आणि लीव्ह घेतली तर? ती बाई म्हणाली, मेरिट स्कॉलरशिप सलग आठ सेमिस्टरची आहे, मध्ये खंड पडला तर कमिटीपुढे जावं लागेल. तीन हजारांसाठी हे कोण करणार?

सडेतोड, तुमचा प्रश्नही विचारला, जादा पैसे कुठे जातात. ती म्हणाली, जनरल फंडात. मी म्हटलं हे माहितीपत्रकात का नाही? म्हणाली, सुचवते. ज्यांना स्कॉलरशिप नाही त्यांचे १४ हजार तसेच जातात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही, याचा राग माझा गेलेला नाही. पेरेंट्स कौन्सिलची मीटिंग आहे पुढच्या महिन्यात, तिथे बोलणार आहे.

गणेश_न्यूजर्सी

जरूर बोला. फक्त एडवाल्या पोरांची पद्धत बंद करा असं म्हणू नका, हिशेब दाखवा एवढंच म्हणा.

मेधा_एडिसन

तसंच म्हणणार आहे गणेशदादा.

बे_एरियातला_बाळ्या

ताई, प्रोग्रॅम डिसेंबरात संपतो ना? मग कोपनहेगनहून थेट मुंबईचं तिकीट काढा, बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटच्या अपॉइंटमेंटसाठी आत्तापासून डोळा ठेवा. आणि लेक २१ ची कधी होतेय? २१ ला एच-४ संपतो, त्याआधी एफ-१ चं (विद्यार्थी व्हिसाचं) बघावं लागेल. वकिलाला एकदा विचाराच.

मेधा_एडिसन

जूनमध्ये, परत आल्यानंतरच्या. वकिलाची वेळ घेतलीये, गुरुवारी.

पेठकर_काकू

अगं मग डिसेंबरात मुंबईला येतेच आहे तर पुण्याला पाठव आठ दिवस. खोली रिकामीच आहे.

मेधा_एडिसन

काकू, लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, चार कॉलमची वही मी पण आणेन.

काल रात्री ऑफिसला ईमेल केलाय, तीन गोष्टी लेखी मागितल्यात. मध्येच प्रोग्रॅम बंद पडला तर पैसे कोण परत देणार, कोपनहेगनमध्ये रात्रीचा फोन उचलणाऱ्या माणसाचं पद काय, आणि तिथले चारही विषय कशाकशाला धरणार. पहिल्या दोनचं उत्तर आलं, नीट आलं. विषयांपैकी तीन मंजूर, स्टॅटिस्टिक्सचा डिपार्टमेंटकडे अडकलाय, सिलॅबस मागतायत.

अटलांटाकर

लाल फाइल आणली का?

मेधा_एडिसन

हिरवी मिळाली. सिलॅबसची पीडीएफ छापून पहिलं पान म्हणून लावली आहे.